पार्थिव घरी पोचायच्या आधी किती फाट्यांवर थांबवायचं?

लिंबगोवेकर

गेल्या आठवड्यात आपल्या सातारा जिल्ह्यातल्या एका जवानाचं पार्थिव पुण्याहून रस्त्याने आणलं. नाव-गाव मुद्दाम लिहीत नाही, तुम्हीही लिहू नका. ज्यांच्या घरात हे झालंय ते आत्ता तेराव्याच्या तयारीत असतील.

मी वाढे फाट्याला सर्व्हिस रोडवर उभा होतो. आठला गाडी येणार असं सगळ्या ग्रुपवर फिरत होतं, आली साडेदहाच्या पुढे. खंबाटकी ओलांडल्यावर सुरूरला थांबवली, भुईंजला थांबवली, पाचवडला थांबवली, आनेवाडी टोलनाक्याला तर म्हणे गर्दीतून गाडी हलेचना. वाढ्याला माझ्यासमोर पुन्हा थांबवली, तिथलं मात्र मी डोळ्यांनी पाहिलं.

आधी चांगलं सांगतो. सध्या कारखाने सुरू आहेत, त्यामुळे रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर. त्यांची गाणी किती मोठ्याने चालू असतात ते सातारकरांना सांगायला नको. पोलिसांची पायलट गाडी दिसली तशी एका ड्रायव्हरने दोन ट्रॉल्यांसकट ट्रॅक्टर कडेला घेतला, टेप बंद केला, खाली उतरला आणि डोक्याचा रुमाल काढून हातात धरून उभा राहिला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मागे एसटी थांबली, कंडक्टरने दार उघडलं, निम्मी एसटी खाली उतरली. शाळेच्या पोरी होत्या, बाजाराला निघालेल्या बाया होत्या.

मग उघडी लष्करी गाडी आली. झेंडूच्या माळा, तिरंग्यात लपेटलेली पेटी, दोन्ही बाजूंनी जवान ताठ उभे. लोक पाकळ्या नाही, अख्खी फुलं फेकत होते, ती त्या जवानांच्या तोंडावर बसत होती आणि ते पापणी हलवत नव्हते. एकाचा हात पेटीच्या कडेवर होता. गाडीला गचका बसला की तो हात जरा घट्ट व्हायचा.

फाट्यावर फ्लेक्स होता. त्यात जवानाचा फोटो एवढासा आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो मोठे. चारपाच जण हार घेऊन थेट गाडीवर चढले, हार घातला, वळून खाली मोबाईल धरलेल्याकडे बघितलं. त्यांचं झालं की दुसरे. पुढच्या गाडीतून एक वयस्कर माणूस उतरला, चुलता असावा. हात जोडून म्हणाला, "झालं की आता, जाऊ द्या. घरी आई बसलीया वाट बघत." त्याच्या बोलण्यावर पोरांनी आणखी जोरात 'अमर रहे'ची घोषणा दिली. तो तसाच हात जोडून उभा राहिला.

मला विचारायचंय ते एवढंच: पार्थिव आधी कुणाचं? जिल्ह्याचं की घराचं? मी स्वतः रस्त्यावर होतो, म्हणजे गर्दीतलाच. पण तो चुलता डोळ्यांसमोरून जात नाही.

---

जावळीचा_वाघ

लिंबगोवेकर, पटलं नाही. फ्लेक्सवाल्यांचं मान्य, ते लग्नालाही तसंच करतात आणि मयतालाही. पण सामान्य माणसाने काय करायचं? सगळ्यांना त्या गावात जाता येतं का? गावाचा रस्ता अरुंद, तिथं पाच हजार माणूस मावत नाही. हायवेवर दोन मिनिटं गाडी थांबली तर माझ्यासारख्याला हात तरी जोडता येतात.

आमच्या जावळीतल्या केडंब्याच्या तुकाराम ओंबळे साहेबांनी २६/११ ला नुसत्या हातांनी कसाबची बंदूक धरून ठेवली. त्यांना २००९ साली अशोकचक्र मिळालं. ते गेले तेव्हा मी शाळेत होतो. केडंबे आमच्यापासून एवढं जवळ असून काही बघितलं नाही, त्याची चुटपुट अजून आहे. म्हणून आता कुठलंही पार्थिव येणार म्हटलं की मी जातो. घोषणा पण देतो. त्यात चूक काय?

---

कृष्णाकाठची

वाघ, घोषणा देण्यात चूक नाही. वरची पोस्ट परत वाच. तो माणूस हात जोडून 'जाऊ द्या' म्हणत होता.

---

बेळगावी_रिक्रूट

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीत असताना एस्कॉर्ट म्हणून पार्थिवाबरोबर गावी आलेला आहे. गाडीवरच्या त्या जवानाच्या जागी मी उभा होतो असं समजा. थोडं सविस्तर लिहितो, कारण रस्त्यावरच्या माणसाला मागचं काहीच दिसत नाही.

जवान गेला की आधी युनिटमध्ये कागद सुरू होतात. घरी कळवायचं, पोस्टमॉर्टेम, पेटी, विमानाची व्यवस्था. युनिटच्या ठिकाणी सीओ साहेब, म्हणजे युनिटचे प्रमुख, पुष्पचक्र वाहतात, तिथून पुढे श्रीनगर किंवा जिथं असेल तिथलं हेडक्वार्टर, मग विमान. बरोबर एस्कॉर्ट द्यायचा तो शक्यतो त्याच्याच कंपनीतला, जमलं तर त्याच्याच भागातला, म्हणजे घरच्यांशी मराठीत बोलता येईल. हे काम कुणी मागून घेत नाही आणि सांगितलं तर नाही म्हणत नाही. ज्याच्याबरोबर परवा एका ताटात जेवलो त्याच्या पेटीच्या पावतीवर सही करून विमानात चढायचं.

पुण्यात विमान बहुतेक रात्री उतरतं. रात्री गावात अंत्यसंस्कार होत नाहीत, म्हणून पार्थिव मिलिटरी हॉस्पिटलच्या शवागारात ठेवतात आणि पहाटे काढतात. एस्कॉर्ट पहाटे तीन-साडेतीनला उठलेला असतो. मानवंदनेचा गार्ड वेगळा, तो जवळच्या युनिटमधून येतो. पोलिसांचा गार्ड त्याहून वेगळा, तो जिल्ह्याचा.

आता थांबण्याबद्दल. पेटी किती तास ठेवता येते याला मर्यादा आहे. यापेक्षा स्पष्ट लिहीत नाही. घरचे एकच गोष्ट विचारतात: "तोंड बघायला मिळंल का?" त्याचं उत्तर एस्कॉर्टला माहीत असतं. कधी हो असतं, कधी नाही असतं. हो असेल तर प्रत्येक तास महत्त्वाचा. सुरूर, भुईंज, पाचवड करत तीन तास उन्हात गेले की त्या आईच्या वाट्याचं आपण काहीतरी काढून घेतो. गाडीवर चढून हार घालणाऱ्याला हे माहीत नसतं, त्याला शिव्या देत नाही. पण माहीत झाल्यावर तरी चढू नका.

आणि तरीही सांगतो, रस्त्यावर माणसं उभी असावीत. तिकडून निघाल्यापासून विमानतळ, शवागार, सह्या, शिक्के. कुणी ओळखीचं नसतं. मग सातारा जिल्ह्याची हद्द लागते आणि रस्त्याच्या कडेला बाया-माणसं चपला काढून उभी दिसतात. इतका वेळ धरून ठेवलेलं तिथं सुटायला बघतं. त्या माणसांनी गाडी थांबवलेली नसते, नुसती उभी असतात.

---

जावळीचा_वाघ

सुभेदारसाहेब, पेटीचं हे खरंच माहीत नव्हतं. पण गाडी थांबूच नये असं नियमात आहे का?

---

बेळगावी_रिक्रूट

नियम कशाला लागतो, मालक. गाडीला वेग कमी करायला सांगता येतो. चालत्या गाडीला पण हात जोडता येतात.

---

बंदोबस्तवाला

खात्यात आहे, म्हणून मोजकं लिहितो.

गाडी का थांबते? आम्ही वायरलेसवर 'पुढे घ्या' म्हणतो, पण शंभर-दोनशे माणूस रस्त्यावर उतरलं की त्या दिवशी लाठी उचलायची सोय नसते. उचलूही नये. संघटना आधी फोन करून सांगतात, "साहेब, आमच्याकडे दोनच मिनिटं." प्रत्येक फाट्याची दोन मिनिटं. शिवाय पुढे बाइकवाली पोरं, ट्रिपल सीट, हातात झेंडे, सायलेन्सर काढलेले. त्यांच्यामुळे ताफ्याचा वेग पंधरा-वीसच्या वर जात नाही. एकदा त्यातलीच दोन पोरं ताफ्यासमोर पडली. मग ॲम्ब्युलन्स त्यांच्यासाठी.

आमच्यातल्या आमच्यात बोलतो ते इथं लिहितो. चकमकीत गेलेला जवान असला की तोबा गर्दी. पुढच्याच महिन्यात ड्युटीवर हार्ट अटॅकने गेलेला, नाहीतर गाडीच्या अपघातात गेलेला जवान येतो. पेटी तीच, तिरंगा तोच, मिलिटरीचा गार्ड तोच. फाट्यावर कुत्रं नसतं. एका अशा ताफ्यात आम्ही टोलनाक्यावर लाइनीत होतो, मागचा गाडीवाला हॉर्न मारत होता.

---

तासगावकर

बंदोबस्तवाले, अगदी. आमच्या भागात असंच झालं होतं. पोरगं आजारपणात गेलं. गावातल्याच काहींनी विचारलं, "शहीद धरायचा का?" बापाच्या समोर विचारलं.

---

माणदेशी_गडी

आमच्याकडची गोष्ट येगळी हाय. फेब्रुवारी २०१६ ला सियाचीनला सोनम चौकीवर बर्फाचा कडा कोसळला, धा जवान गेलं. त्यात आमच्या माण तालुक्यातला एक व्हता. ३ तारखेला कळलं, आन् मग नुसती वाट. बर्फाखालनं एक जण सहा दिसांनी जिता निघाला, हनुमंतप्पा, समद्या देशानं देव पाण्यात घातलं, ११ तारखेला त्यो बी गेला. आमच्याकडं तवर रोज कोण ना कोण म्हणायचं, आपला बी निघंल.

त्या टायमाला तालुक्यात दुष्काळ. चाऱ्याची बोंब. तरी मयतीला माणूस कुठनं कुठनं आलं. टँकरचं पाणी आमच्या घोटाला मोजून, पण आल्याल्या माणसाला गावानं तांब्या दिला.

मला इचाराल तर थांबवू द्या. जे घर इतकं दिस वाट बघतं त्याला आजून दोन तासानं काय फरक पडतो? आसं मी म्हणायचो. सुभेदारसायबांचं पेटीचं वाचलं आन् आता काय म्हणावं कळंना.

---

कृष्णाकाठची

माणदेशी, फरक पडतो. मी सांगते.

माझा सख्खा चुलतभाऊ. वर्ष लिहीत नाही. एका घरात वाढलो, म्हणून भाऊच. बातमी आली तेव्हा काकूला सांगितलं नव्हतं, 'जखमी आहे' एवढंच. पण दुपारी गल्लीच्या तोंडाला टीव्हीची गाडी लागली आणि तिला कळलं. माइकवाल्याने तिला विचारलेला प्रश्न मी इथे लिहिणार नाही, सगळ्यांनी तो टीव्हीवर ऐकलाय.

पुढचा दीड दिवस घर आमचं राहिलं नाही. तहसीलदार, प्रांत, तलाठी, ग्रामसेवक, सगळे चांगले वागले, त्यांची तक्रार नाही. ग्रामपंचायतीने शाळेच्या मैदानात जेसीबी लावून जागा सपाट केली, चौथरा बांधला, मंडपाला हिरवी जाळी लावली. गावात चूल पेटली नाही. शेजारच्या वाडीवरून पिठलं-भाकरी आली. पण घरात पाय ठेवायला जागा नव्हती. गच्चीवर चढलेल्या माणसांनी पाण्याची टाकी रिकामी केली. वहिनीला बाथरूमला जायचं तर दोन बायका पदर धरून उभ्या.

गाडी 'निघाली', 'पाचवडला आली', 'साताऱ्यात आली' असे फोन येत राहिले. दर वेळी काकू उठून दारात जायची. दर वेळी कुणीतरी आत आणून बसवायचं. म्हणून म्हणते, फरक पडतो. एकदाच आठवडाभर वाट बघणं वेगळं आणि दर पंधरा मिनिटांनी उठून दारात जाणं वेगळं.

पार्थिव दारात आलं तेव्हा आमच्या वाट्याला किती वेळ आला? लोक पेटीभोवती, आम्ही लोकांभोवती. वहिनीला पुढे नेलं ते दोन जवानांनी हाताची साखळी करून. तिथं ती काहीतरी बोलली, घोषणांमध्ये कुणालाच ऐकू आलं नाही. काय बोलली ते तिने नंतरही सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

आणि एक. ज्या बाईला सकाळी 'वीरपत्नी' म्हणून सगळ्यांनी हात जोडले, तिच्याच बांगड्या संध्याकाळी घरातल्या म्हाताऱ्या बायकांनी फोडल्या, कुंकू पुसलं. मिलिटरीवाले तेव्हा नुकतेच निघाले होते. कोल्हापूरच्या हेरवाडने मे २०२२ मध्ये ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्यानंतर सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना परिपत्रक काढून तसं आवाहन केलं. आमचं आधीचं, तेव्हा ठराव-बिराव नव्हता. आता आहे, तर रांगोळ्या आणि फ्लेक्सच्या आधी त्या घरात दोन शहाण्या बायका बसवा. त्यांनी एवढंच बघायचं, दुसरं काही नाही.

---

लिंबगोवेकर

ताई, काय लिहू. थांबतो.

---

जुनीपानं

थोडं मागचं सांगतो, अवांतर वाटलं तर क्षमस्व.

आपण 'परंपरा' म्हणतोय, पण पार्थिव घरी येणं हीच आपल्याकडे नवी गोष्ट आहे. नागठाण्याजवळचं अपशिंगे मिलिटरी सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले, इंग्रजांनी स्मृतिस्तंभ उभारला. त्यातलं एकही प्रेत गावात आलं नाही. मराठा पलटणी त्या काळी मेसोपोटेमियात होत्या. कुतच्या वेढ्यात अडकलेल्या फौजेत मराठे होते, एप्रिल १९१६ मध्ये तिथं शरणागती झाली. गेलेल्याची माती तिकडेच. इकडे आलं तर कागद.

१९६५ आणि १९७१ लाही साधारण तसंच. सीमेजवळ अग्नी द्यायचे, घरी तार, नंतर काळी पेटी, म्हणजे त्याची ट्रंक. आमच्या आजोळच्या एका आजीकडे ती ट्रंक होती. आजी तिच्यात गोधड्या ठेवायची. नवरा गेला हे तिने शेवटपर्यंत पूर्ण मानलं नाही, कारण बघितलं नव्हतं. मंगळसूत्र काढलं नाही. लोक तिला वेडी म्हणायचे.

१९९९ ला कारगिलमध्ये पहिल्यांदा मोठ्या संख्येने पार्थिवं घरोघर पाठवली गेली. टीव्हीही तेव्हाच घराघरात होता. आपण ज्याला मिलिटरी अंत्ययात्रा म्हणून ओळखतो ती फुलांची गाडी, रस्त्याच्या कडेची गर्दी, सगळं तेव्हापासूनचं. २०१५ च्या नोव्हेंबरात कुपवाड्यात कर्नल संतोष महाडिक गेले. आपल्या पोगरवाडीचे, सातारच्या सैनिक स्कूलचे विद्यार्थी. तेव्हाची गर्दी ज्यांनी बघितली त्यांना वेगळं सांगायला नको. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ मध्ये स्वतः लष्करात अधिकारी झाल्या.

म्हणजे हा सगळा रिवाज जेमतेम एका पिढीचा आहे. कुणी धर्मशास्त्रात लिहून ठेवलेला नाही. गाडी कुठे थांबवायची हे आपणच ठरवलं, तर बदलायलाही आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही.

---

वेण्णेकाठी_वाचक

सगळं मान्य, पण मुळात या निमित्ताने पुढारी जे करतात त्याबद्दल कुणी बोलणार की नाही? परवाच्या फ्लेक्सवर कोण होतं ते मी नावानिशी

---

धागा-व्यवस्थापक

वरचा प्रतिसाद पुढे कापला आहे. पक्ष आणि व्यक्तींची नावं नकोत. दुसरा धागा काढा, इथे नको.

---

जावळीचा_वाघ

जुनीपानं, आजीचं वाचून गप्प झालो. तरी माझं एक म्हणणं उरतंच. गर्दी झाली नसती तर हीच मंडळी म्हणाली असती, समाज मेलाय. बंदोबस्तवाल्यांनी टोलनाक्याचं सांगितलं ते तसंच ना? म्हणजे गर्दी हवीच आहे सगळ्यांना. फक्त शहाणी हवी.

---

बंदोबस्तवाला

बरोबर बोललास. सगळ्यांना हवी. मलाही.

---

तासगावकर

आमच्या गावात मागच्या वेळी काय केलं ते सांगतो, उपयोग होईल. आधीच्या वेळेला फार गोंधळ झाला होता, म्हणून या वेळी माजी सैनिकांनी सरपंचाला धरून आदल्या रात्रीच बैठक घेतली. गावात दोन डझन तरी माजी सैनिक आहेत, वय झालंय पण आवाज तोच आहे.

फाट्यावर गाडी थांबवायची नाही असं ठरलं. फाटा ते वेस लोकांनी दोन्ही बाजूंनी उभं राहायचं, मध्ये दोरी. दोरी धरायला तालमीतली पोरं, म्हणजे जी पोरं बाइक घेऊन पुढे पळाली असती तीच. बाइक वेशीबाहेर. फ्लेक्स एकच, ग्रामपंचायतीचा, त्यात जवानाशिवाय कुणाचाही फोटो नाही. यावर जरा वाजलं, पण माजी सैनिक हटले नाहीत.

मुख्य म्हणजे पार्थिव घरात नेल्यावर अर्धा तास दार बंद. आत फक्त घरचे, एस्कॉर्ट आणि डॉक्टर. कॅमेरा नाही, पुढारी नाही, आम्हीपण नाही. बाहेर भजनी मंडळाने टाळ हळू धरला होता. एक साहेब बाहेर घड्याळ बघत होते, त्यांना आमच्या एका हवालदारकाकांनी खुर्ची दिली आणि 'बसा' म्हणाले. ज्या सुरात म्हणाले त्यानंतर साहेब बसले.

त्यानंतर मैदानात सगळं नेहमीसारखं. गार्ड, बिगुल, शोक शस्त्र, हवेत तीन फैरी. तिरंगा घडी करून वडिलांच्या हातात. फैरी झाल्यावर बारकी पोरं रिकाम्या पुंगळ्या उचलायला धावली आणि गार्डचा हवालदार त्यांच्या मागे, कारण पुंगळ्या मोजून परत जमा कराव्या लागतात म्हणे. एक पुंगळी एका पोराने चड्डीत लपवली होती. त्याच्या आजीने कान धरून परत द्यायला लावली. रडतारडता दोन माणसं हसली तेवढी तिथंच.

---

बेळगावी_रिक्रूट

तासगावकर, शाब्बास. पुंगळ्यांचा हिशेब द्यावा लागतो हे खरं आहे. एक कमी पडली तरी त्या हवालदाराला लेखी उत्तर.

झेंड्याबद्दल एक राहिलं. पार्थिवावरच्या तिरंग्याचा केशरी भाग डोक्याकडे असतो. अग्नी द्यायच्या आधी तो काढतात, ध्वज सरणावर जाळायचा नाही आणि दफन असेल तर खाली सोडायचा नाही, ध्वजसंहितेत स्पष्ट आहे. सरणावर जाताना त्याच्या अंगावर काही नसतं म्हणून काही ठिकाणी लोक हट्ट धरतात, "राहू द्या तिरंगा." नका धरू. तो घरी राहायचा असतो. आणि बाइकवर लावून आणलेले प्लॅस्टिकचे झेंडे संध्याकाळी गटारात दिसतात, ते आम्ही म्हातारे गोळा करतो. आणूच नका.

बंदोबस्तवाल्यांनी काढलेला विषय मोठा आहे. रस्त्यावर जो फरक होतो तो कागदावरही होतो. चकमकीत, सीमेवर, सुरुंगात गेलेला 'बॅटल कॅज्युअल्टी'. त्याच्या घरी शेवटच्या पगाराइतकी पूर्ण पेन्शन, तिला लिबरलाइज्ड म्हणतात. सेवेमुळे, पण लढाईबाहेर गेला तर स्पेशल फॅमिली पेन्शन, ती साठ टक्के. हे ठरेपर्यंत कोर्ट ऑफ इन्क्वायरी, जबाब, महिने जातात. त्या काळात घरातलं कुणी तरी कागद कळणारं असावं लागतं. फाट्यावर दोनशे जण असतात, त्यांतला एक जरी पुढच्या महिन्यात त्या बाईबरोबर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेला तरी पुष्कळ. बँकेत आणि पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलवर नाव जुळेना म्हणून मी स्वतः लोकांबरोबर हेलपाटे घातलेत. आधार कार्डावर 'सुनिता', रेकॉर्डला 'सुनीता'. एवढ्या वेलांटीवर पेन्शन अडते.

---

कृष्णाकाठची

सुभेदारसाहेब, आमच्या वहिनीचं अगदी हेच झालं. सासरचं नाव एक, माहेरचं एक, रेकॉर्डला तिसरंच. तुमच्यासारखं कुणी तेव्हा भेटलं नाही.

---

लिंबगोवेकर

मी विचारलं होतं गाडी कुठे थांबवायची ते, धागा कुठच्या कुठे आला. चांगलंच झालं. आमच्या लिंबच्या फाट्यापुरतं बोलतो. पोरांशी बोललोय. पुढच्या वेळी (येऊ नये, पण येणार) गाडी अडवायची नाही. सर्व्हिस रोडच्या कडेला रांग. फ्लेक्सबद्दल अजून एकमत नाही. दोघं रुसलेत. बघू. अटॅकवाला असो की चकमकीतला, रांग तीच, यावर मात्र कुणी वाद घातला नाही. ग्रुपवर कळवायला बंदोबस्तवाल्यांसारखं कुणी असेल तर बरं, नाहीतर अशा गाड्या कधी गेल्या ते आम्हाला कळतच नाही.

---

जावळीचा_वाघ

मेढ्याच्या रोडला मी बघतो. गाडीवर चढणार नाही. घोषणा मात्र देणार. एकदाच.

---

फलटणची_सून

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. माझे मिस्टर सध्या राजौरीकडे आहेत. आमचं लग्न मागच्या मे महिन्यात झालं. सुभेदारकाका, तुम्ही रेकॉर्डमधल्या नावाचं लिहिलंत म्हणून विचारते. ते म्हणतात लग्नाची नोंद सुट्टीवर आलो की करू. सासूबाईंसमोर असलं विचारता येत नाही, अशुभ वाटतं त्यांना. काही घाई असते का त्यात?

---

बेळगावी_रिक्रूट

घाई असते, बेटा. अशुभ काही नाही, रेशन कार्डावर नाव घालण्यासारखं आहे. ग्रामसेवकाकडून विवाह नोंदणीचा दाखला आधी काढ. तो, दोघांचा एकत्र फोटो आणि तुझ्या आधारची प्रत त्याच्याकडे पाठव. त्याने कंपनी क्लार्ककडे अर्ज द्यायचा, प्रतिज्ञापत्र लागलं तर तोच सांगेल. मग लग्नाची 'पार्ट टू ऑर्डर' निघते. ती निघाली की रेकॉर्ड ऑफिसला तू त्याची बायको. त्याच्याशिवाय मेडिकल कार्ड नाही, क्वार्टर नाही, काहीच नाही. सुट्टीची वाट बघू नका. दाखल्यावर, आधारवर आणि अर्जात तुझं नाव ऱ्हस्व-दीर्घासकट एकसारखं आहे का ते आजच बघ. ग्रुप इन्शुरन्सचं नॉमिनेशन लग्नाआधी आईच्या नावावर असेल, त्यात काय बदल करायचा तो त्यालाच ठरवू दे, पण कागद मात्र भरायला लाव. काही अडलं तर इथेच विचार, मी रोज संध्याकाळी बघतो.